एक सिगारेट आणि चार महिने

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ४३

आजच्या श्लोकांत अर्जुन दोन प्रश्न विचारतो. पहिला आपल्या ओळखीचा आहे. देवा, तू सांगतोस तो योग ऐकायला छान वाटतो, पण हे मन म्हणजे वारा आहे, त्याला आवरू कसं? भगवंत त्याला आधी 'तुझं बरोबर आहे' असंच म्हणतात. मन चंचल आहे, आवरायला अवघड आहे, यात शंका नाही. मग उपाय म्हणून दोन शब्द देतात: अभ्यास आणि वैराग्य.

दुसरा प्रश्न मी कित्येक वर्षं नुसता वाचून पुढे जात होतो. एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला आणि मन वाटेतच घसरलं, तर त्याचं काय? तो इकडचाही राहिला नाही आणि तिकडचाही झाला नाही. फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का?

हा प्रश्न माझाही आहे, हे मला सिगारेटमुळे कळलं. म्हणून आज थोडं स्वतःबद्दल लिहितो. बरेच दिवस टाळत होतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या आदल्या रात्री, हॉस्टेलच्या गच्चीवर पहिली ओढली. नोकरी लागली तेव्हा दिवसाला दोन-तीन होत्या. हिंजवडीत आल्यावर त्या आठ-दहा कधी झाल्या कळलंच नाही. टपरीवरचा ब्रेक हा आमच्या कामाचाच भाग होता. कोण कंपनी सोडतंय, कोणाचं प्रमोशन अडकलंय, सगळं तिथेच कळायचं. गीता रोज वाचायचो, तेव्हाही. सकाळी अंघोळ, पूजा, एक श्लोक, आणि मग खाली जाऊन एक सिगारेट. दोन्ही नेमाने चालू होतं.

मग एका वर्षी ऑफिसातल्या मित्रांबरोबर माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पुणे चाललो. पुढे पाच महिन्यांनी, कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत माळ घातली. आमच्याकडे आजोबा माळकरी होते, त्यांच्यानंतर घरात कोणी माळ घातली नव्हती. त्या दिवशी इंद्रायणीच्या घाटावर ठरवलं की आता सिगारेट बंद.

आणि बंद झाली. पहिले तीन दिवस भयंकर गेले. झोप नाही, कोडमध्ये लक्ष नाही, घरात सगळ्यांवर चिडचिड. सिगारेट ओढली की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग शरीर पुढची मागायला लागतं. वर्षानुवर्षं लागलेली ही मागणी तोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात आणि बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. माझाही ओसरला. फोनवर दिवस मोजणारं एक ॲप टाकलं होतं. रोज रात्री झोपताना आकडा बघायचो. ५०, १००, २००. खूप बरं वाटायचं.

आकडा २२६ असताना, आषाढी एकादशीच्या आसपास, आमचं एक मोठं रिलीज होतं. रात्री डेटाबेसचं मायग्रेशन अर्ध्यात अडकलं. रोलबॅक, कॉलवर क्लायंट, सगळे एकमेकांवर ओरडतायत. सकाळी सहाला सगळं मार्गी लागलं आणि आम्ही दोघं-तिघं खाली उतरलो. टपरी नुकतीच उघडत होती. चहा घेतला. शेजारच्याने सिगारेट पेटवली. मी म्हटलं, एकच.

त्या आधी मी एक गोष्ट केली. गळ्यातली माळ काढली आणि लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मग सिगारेट घेतली.

इथे थोडं थांबू. साडेसात महिने झाले होते. शरीराची मागणी केव्हाच संपली होती. मग मागत कोण होतं? दुसऱ्या अध्यायात, ५९ व्या श्लोकात भगवंत सांगतात की विषय सोडले तरी त्यांची गोडी मागे राहते, ती त्याहून थोर काही दिसल्यावरच जाते. मी सिगारेट सोडली होती. त्या पहाटेची, त्या टपरीची, 'सुटलो एकदाचे' म्हणत घेतलेल्या पहिल्या झुरक्याची गोडी जिथल्या तिथे होती. त्याच अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत सगळी साखळी दिली आहे. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, मग क्रोध, मग मोह, मग आठवण जाणं, मग बुद्धीचा नाश. आपण एरर आली की लॉग मागे मागे वाचत जातो, तसं वाचून बघा. सिगारेट पेटवली त्याच्या कितीतरी आधी, मायग्रेशन अडकलं तेव्हाच, मी मनात टपरीवर जाऊन उभा राहिलो होतो.

पण आज मला सांगायचं आहे ते त्या एका सिगारेटबद्दल नाही. त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल आहे.

त्या रात्री ॲप उघडलं आणि प्रामाणिकपणे नोंद केली. २२६ चा क्षणात शून्य झाला. त्या शून्याकडे बघताना वाटलं, हेच खरं. आपण मुळात असेच. माळ घालणं हे नाटक होतं. आता ही माळ कोणत्या तोंडाने घालायची? दुसऱ्या दिवशी दोन ओढल्या. आठवड्याभरात आठवर गेलो. आता काय राहिलंय, गेलंच आहे सगळं, या हिशोबाने. गीता वाचणं बंद झालं. एकादशी चुकली, मग तिची आठवणही येईना. बायकोने विचारलं, माळ कुठाय? मी सांगितलं, दोरा कच्चा झालाय, ओवून घ्यायचीय. लोक चातुर्मासात एखादी गोष्ट सोडतात. मी अख्खा चातुर्मास सिगारेट ओढत काढला.

कार्तिकीच्या आधी आई गावाहून आली. चार्जर शोधताना तिच्या हाताला बॅगेतली माळ लागली. तिने दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली.

"दोरा तर पक्का आहे की रे," ती म्हणाली.

मग सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, रागावेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांची माळ तुटली ना, की ती ओवून परत गळ्यात घालेपर्यंत ते जेवायचे नाहीत. एकदा शेतात तुटली तर मणी वेचत बसले होते भर उन्हात. दुपार झाली, तिन्हीसांज झाली, पण ओवली तेव्हाच जेवले. आणि तुझी माळ धड आहे अन् तू चार महिने उपाशी राहिलास होय?"

मला रडू आलं, हे कबूल करतो.

त्या रात्री सहावा अध्याय उघडला. चाळिसाव्या श्लोकात अर्जुनाच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे. भगवंत सांगतात, अशा माणसाचा नाश होत नाही, इथेही नाही आणि परलोकातही नाही. चांगलं करू पाहणारा कोणीही वाईट गतीला जात नाही. आणि हे सांगताना ते अर्जुनाला 'तात' म्हणतात. वडीलधाऱ्या माणसाने लेकराला जवळ घेऊन बोलावं तसं. ज्याला मित्र म्हणून उपदेश चालला होता, त्याला घसरण्याची भीती वाटली तेव्हा देवाच्या तोंडी हा शब्द आला.

पुढे ते म्हणतात की असा योगभ्रष्ट माणूस पुन्हा जन्म घेतो तेव्हा त्याला मागच्या जन्मीची बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे प्रयत्नाला लागतो. हे जन्मांबद्दल आहे. पण जे दोन जन्मांच्या मधे पुसलं जात नाही, ते सोमवार आणि मंगळवारच्या मधे कसं पुसलं जाईल? माझे २२६ दिवस ॲपने शून्य केले होते. देवाच्या हिशोबात ते जमाच होते. ओढ लागली की काय करायचं, कुठे उभं राहायचं नाही, हे सगळं मी त्या दिवसांत शिकलोच होतो. ते शून्य मी मान्य केलं, ही माझी चूक होती. ॲप त्याच रात्री काढून टाकलं.

आता इथे एक पळवाट दिसते, ती मीच बंद करतो. मग काय, एखादी ओढली तर देव क्षमा करतोच! नाही. त्याच अध्यायात आधी अभ्यास आणि वैराग्य सांगितलंय, मग हा दिलासा येतो. हा दिलासा घसरून पडलेल्याने उठण्यासाठी आहे. टपरीकडे चालत जाताना तो वाचायचा नाही.

आणि अभ्यास म्हणजे तरी काय? माउलींनी ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी मनाचा एक चांगला गुण सांगितलाय. त्याला जिथे गोडी लागते तिथेच ते पुन्हा पुन्हा जातं. म्हणून त्याला आत्मसुखाची चव दाखवत राहा. किती विलक्षण आहे हे! ज्या सवयीने मला टपरीवर नेलं, तीच सवय देवाकडे न्यायला उपयोगी पडते. मन आपलं शत्रू नाही, त्याला गोडीची जागा तेवढी बदलून द्यायची आहे. आणि ती एका दिवसात बदलत नाही, म्हणून तर त्याला अभ्यास म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ परत घातली. या वेळी एकट्याच्या जोरावर सोडायला गेलो नाही. मधे एका लग्नात दोन झुरके घेतले, हेही लिहितो. पण त्याच रात्री, जेवायच्या आधी, बायकोला सांगितलं. माळ गळ्यातच होती. दुसऱ्या दिवशी सिगारेट नव्हती, तिसऱ्या दिवशी नव्हती. चार महिने झाले नाहीत, एक रात्र झाली. पुढची कार्तिकीही होऊन गेली आहे.

आजचा अभ्यास

१. ओढ लागली की घड्याळ बघा. ती लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. मी तेवढ्यात एक माळ जप करतो. जप संपेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही, एवढंच ठरवा.

२. साखळी पहिल्या कडीलाच तोडा. मला टपरीवरचा चहा सोडावा लागला. दोन महिने पँट्रीतला बेचव चहा प्यायलो. मित्र तुटले नाहीत, ते वर येऊन भेटायला लागले.

३. मदत घ्या. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, मी तो कित्येकदा पाहून पाकीट उलटं करून ठेवलं होतं. डॉक्टरांना विचारून काही आठवडे निकोटिनचं च्युइंगगम घेतलं. औषध घेतलं म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

४. घसरलात, तर पुढच्या जेवणाच्या आधी एका माणसाला खरं सांगा. आई, बायको, नवरा, मित्र, कोणीही. लपवलेल्या सिगारेटला दुसरी लगेच येऊन मिळते.

तुमची गोष्ट कदाचित सिगारेटची नसेल. मोबाइल असेल, राग असेल, सुटलेला नेम असेल. आजोबांची रीत सगळीकडे चालते. तुटली, तर जेवायच्या आधी ओवा.

देवा, आज जो कोणी घसरला असेल, त्याला आजच्या आजच उठव. उद्यावर जाऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!