बॅटरीत मावते फक्त एक युनिट

प्रश्न : आमचं गाव मानवत तालुक्यात. उन्हाळ्यात वारं सुटलं की लाइट गेलीच म्हणून समजा. शेजाऱ्यांनी १५० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला. दुकानदारानं सहा तास सांगितले होते, बॅटरी दोन तासांत बसते. त्यांना फसवलं का? आम्ही घ्यायची तर कोणती घ्यावी? की सरळ छतावर सोलर बसवावं, म्हणजे बॅटरीची भानगडच नको?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : दुकानदार खोटं बोलला नसावा आणि शेजारीही खोटं सांगत नसावेत. दुकानदारानं दोन पंखे आणि चार दिवे मनात धरले असतील. शेजाऱ्यांनी, आमचा अंदाज, कूलरही जोडला.

हिशेब सोपा आहे. बॅटरी १२ व्होल्टची आणि १५० एएचची. गुणाकार केला की १८०० वॅट-तास. पण बॅटरीतली वीज घरातल्या २३० व्होल्टच्या विजेत बदलताना इन्व्हर्टर आपला वाटा कापून घेतो, आणि बॅटरी तळापर्यंत उपसायचीही नसते. हाती उरतात साधारण ११५० वॅट-तास. महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे दोघांनी मिळून उचलावं लागणारं ते पन्नास-साठ किलोचं धूड तुम्हाला एका युनिटाहून जराशीच जास्त वीज देतं. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप कळतं.

आता हे युनिट खर्च करून पाहू. साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो. दोन पंखे १५०, चार एलईडी दिवे ३६, वायफायचा राउटर १०. झाले २०० वॅटच्या आत-बाहेर. नवी बॅटरी साडेपाच-सहा तास चालेल. यात १८० वॅटचा कूलर आणि ८० वॅटचा टीव्ही मिळवा. बोजा जातो ४६० वॅटवर, आणि वेळ येते अडीच तासांवर.

मग दोनच तास का? त्याचं कारण बॅटरीवरच छापलेलं असतं. १५० एएचच्या शेजारी ‘सी-२०’ लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ, बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तरच ती १५० एएच देईल. तो वेग येतो साडेसात अँपिअर. ४६० वॅटला चाळीसपेक्षा जास्त अँपिअर ओढावे लागतात, आणि घाईनं ओढली की शिशाची बॅटरी कमीच देते. प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ सालीच हे मांडून ठेवलं आहे. शेजाऱ्यांचा अर्धा तास तिथे गेला.

त्यामुळे खरेदीची सुरुवात पंख्यापासून करा. बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटवर फिरतो. दोन पंखे बदलले की तुमचा बोजा २०० वरून १०५ वर येतो आणि त्याच बॅटरीत दहा तासांच्या पुढची रात्र निघते. दुसरी बॅटरी न घेता तास जवळपास दुप्पट होतात, शिवाय लाइट असतानाही बिल वाचतं.

इन्व्हर्टरच्या आकड्यानं मात्र गोंधळू नका. बॅटरी म्हणजे हौद आणि इन्व्हर्टर म्हणजे त्याची तोटी. तोटी मोठी घेतल्यानं हौदातलं पाणी वाढत नाही; एका वेळी किती उपकरणं चालतील एवढंच ठरतं. तुमच्या बोजाला ९०० व्हीएचा पुरे. तो साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखे घूं-घूं करतात आणि मोटर तापते.

बॅटरी शिशाची ट्युब्युलर की लिथियम, हे लाइट कशी जाते त्यावर ठरवा. भारनियमनाचे दिवस आठवत असतील. फीडरवरच्या वीजगळतीप्रमाणे ए ते जी असे गट पाडलेले असायचे, आणि खालच्या गटातल्या गावांना तासन्‌तास अंधार. तेव्हा कित्येक बॅटऱ्या वापरानं नव्हे, उपाशी राहून मेल्या. दीडशेची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. मध्ये चारच तास लाइट आली तर ती अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि जोर कायमचा जातो. आता वाऱ्यानं जम्प तुटला, झाडाची फांदी पडली, फ्यूज गेला, अशा कारणांनी दोन-चार तास लाइट जात असेल, तर ट्युब्युलर पुरेशी आहे. दिवसातून अनेकदा, लांबलचक जात असेल, तर लिथियम फॉस्फेटचा विचार करा. तिची १०० एएच ट्युब्युलरच्या दीडशेच्या तोडीचं काम करते, लवकर भरते, तिला पाणी घालावं लागत नाही. पण आधीचा खर्च जड, आणि इन्व्हर्टरवर लिथियमची सोय आहे का ते पाहावं लागतं. डीपीच जळाली आणि दोन दिवस लाइट नसेल, तर यातली कोणतीच पुरणार नाही. त्या संकटासाठी बॅटरीवर पैसे घालू नका.

ऊन हा परभणीचा वेगळा मुद्दा. मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो. शिशाची बॅटरी २५ अंशांना सुखी असते. त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्म्यानं घटतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून पत्र्याच्या खोलीत ती कधीही ठेवू नका. जिन्याखालची हवेशीर सावली उत्तम. देवघराचा कोपरा मात्र नको. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तिथे समई तेवत असते. पाणी डिस्टिल्डच घाला. आरओचं किंवा नळाचं नको, आणि ॲसिड तर मुळीच नको. एरवी दोन-तीन महिन्यांनी पाहिलं तरी चालतं, उन्हाळ्यात दर महिन्याला पाहा.

घेताना बॅटरीवरची तयार झाल्याची तारीख बघा. वॉरंटीतले किती महिने बदलून मिळणार आणि किती महिने नुसती सूट मिळणार, हे लिहून घ्या. वजनही विचारा. दीडशेची बॅटरी फारच हलकी असेल तर आत शिसं कमी आहे. जुनी बॅटरी भंगारात न टाकता दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे पैसे वळते करतो.

राहिला सोलरचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. बिलासाठी ती चांगलीच. पण नेट मीटरची साधी यंत्रणा लाइट गेली की स्वतःही बंद पडते, भर उन्हात सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाइट नसताना घर चालवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागतेच. भानगड टळत नाही.

तर तुमच्यासाठी : दोन बीएलडीसी पंखे, ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएचची ट्युब्युलर. वायरमनकडून कूलरचा आणि फ्रिजचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनमधून वगळून घ्या. आणि शेजाऱ्यांना सांगा, दुसरी बॅटरी घेण्याआधी आज रात्री लाइट गेली की कूलर तेवढा बंद ठेवून घड्याळ लावून बघा.