उणे सतरा गुणांचा ताळेबंद

आरंभीची शिलकच उणे असलेले खाते आम्हा बँक अधिकाऱ्यांच्या परिचयाचे असते. इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतील बोर्नमथ या फुटबॉल क्लबने २००८-०९ चा हंगाम असाच आरंभिला. दिवाळखोरीविषयक नियमभंगामुळे १७ गुण प्रथमच वजा झाले होते; आणखी घसरण म्हणजे फुटबॉल लीगमधूनच हकालपट्टी.

वर्षअखेरीस ३१ वर्षांच्या एडी हाऊ यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी क्लबचे जुने खेळाडू, ३६ वर्षांचे स्टीव्ह फ्लेचर यांना परत बोलाविले. (पूर्ण घसारा झालेली मत्ता, असे लेखापाल म्हणाला असता!) एप्रिलमध्ये ग्रिम्सबीविरुद्ध त्यांच्याच निर्णायक गोलाने क्लब तरला. कमावलेले गुण ६३, उरले ४६.

पुढील हंगामात खेळाडूभरतीवर निर्बंध असूनही संघाने बढती मिळविली. २०१५ मधील प्रीमियर लीग प्रवेशामागे मात्र नव्या मालकाचे भांडवलही होते.