स्लॅबचे पाणी

घरांचे आराखडे व आरसीसीचा हिशेब करून देण्याच्या व्यवसायात लातुरात माझी पुष्कळ वर्षे गेली, आणि या अवधीत एक गोष्ट मला फार उशिरा उमगली ती ही की, मालकाने आपली सूचना मोडली म्हणजे तो अडाणी किंवा हट्टी असतो असे नव्हे. ती पाळण्यासाठी ज्याच्या पदराला खार लागायचा, त्याचा विचारच बहुधा आपण सूचना लिहिताना केलेला नसतो. ज्या प्रसंगाने मला हे शिकवले, तो या व्यवसायात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी तपशीलवार सांगतो.

2016 च्या मार्च महिन्यातली ही हकिकत. ज्या शहराला त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात एका शिक्षकाच्या घराचा स्लॅब, पुढे काढलेल्या गॅलरीसह, माझ्या देखरेखीखाली घातला गेला. सिमेंट राख मिसळलेले, म्हणजे पीपीसी. अशा सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस, आणि शक्यतो 14 दिवस पाणी द्यावे असे भारतीय मानक 456 सांगते. मी दोन पानी टंकलिखित इंग्रजी सूचनापत्र मालकांच्या हाती दिले, त्यांनी ते आदराने घेतले, मान डोलावली, आणि आपली जबाबदारी पार पडली अशा समाधानाने मी घरी परतलो.

सहाव्या दिवशी गेलो तेव्हा सेंट्रिंग उतरलेले होते, गॅलरीखालचे टेकूदेखील निघाले होते. गॅलरीची कड खाली झुकलेली, आणि भिंतीलगत वरच्या अंगाला करंगळीचे नख जाईल एवढी भेग पडलेली. सुदैवाने खाली कोणी नव्हते; गॅलरी मात्र तोडावी लागली. माझे सूचनापत्र कालनिर्णयच्या मागे, घडीसुद्धा न मोडलेले सापडले.

मी रागावून विचारले तेव्हा मालकांच्या आई म्हणाल्या, "साहेब, प्यायचं पाणी आम्ही विकत घेतो, ते स्लॅबवर कसं ओतावं? आणि दोन दिवसांत तो वाळला की हो!" सेंट्रिंगवाल्याचे म्हणणे असे की प्लेटा रोजच्या भाड्याने आणलेल्या, दुसऱ्या कामावर त्यांचा खोळंबा झालेला, आणि जास्तीच्या दिवसांचे भाडे कोण देणार हे कुणीच त्याला सांगितलेले नव्हते. दोघांचेही बोलणे खरे होते, आणि दोघांच्याही अडचणींचा माझ्या दोन पानांत उल्लेख नव्हता.

आजींच्या त्या 'वाळला' या एका शब्दात सारे दुखणे होते. सिमेंट वाळल्याने घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगाने होते. ओल गेली की तो संयोग मंदावून थांबतो, आणि ज्या ताकदीचा हिशेब आपण 28 दिवसांवर मांडलेला असतो ती काँक्रीटला येत नाही. ही गोष्ट मी त्या घरात कोणालाच सांगितली नव्हती. 'पाणी मारावे' एवढा हुकूम मात्र केला होता.

तेव्हापासून मी चार नियम कसोशीने पाळतो. सूचना मराठीत, एकाच पानावर, आणि प्रत्येकीपुढे तिचे कारण. ती पाळण्याचा खर्च आधीच करारात: प्लेटांचे भाडे ठरलेल्या तारखेपर्यंत मालकाकडे, टँकरची तजवीज स्लॅबच्या आदल्या दिवशी, आणि पाणी कमी असेल तर वाफ्यांऐवजी भिजवलेले गोणपाट व त्यावर प्लास्टिक, म्हणजे थोड्या पाण्यात ओल टिकते. जबाबदारी 'सर्वांनी' अशी न लिहिता घरातल्या एका माणसाच्या नावावर, आणि त्याच माणसाच्या तोंडून सूचना पुन्हा वदवून घेणे. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे. शेवटचा नियम असा की तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन गोणपाटाला हात लावून पाहणे, कारण त्या दिवसापर्यंत चुकीला इलाज असतो.

पावसाळ्यानंतर तीच गॅलरी पुन्हा घातली, तेव्हा पानावर नाव आजींचे होते. चौदाव्या दिवशी गेलो, तर जिन्याजवळच्या भिंतीवर खडूच्या तेरा रेघा ओळीने ओढलेल्या, आणि सेंट्रिंगवाला टेकूंजवळ उभा. आजी त्याला म्हणत होत्या, "आजचं पाणी अजून व्हायचंय, बाबा. ते झालं की साहेबांना विचार, आणि ते हो म्हणाले तरच हात लाव."