लेखनमंडळाच्या बैठकींचे मोल

प्रश्न : स्थानिक लेखनमंडळाच्या नियमित बैठकींतून लेखन खरोखर सुधारते का?

उत्तर : सुधारते, मात्र बैठकीचा वार ठरलेला, सदस्य मोजके आणि वाचनानंतरची चर्चा मोकळी असावी लागते. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे आदी सदस्य रविवारी चहापानासाठी जमत आणि काव्यचर्चा करत. त्याच वर्षी त्यांचा ‘किरण’ हा संयुक्त संग्रह निघाला, तर काव्यगायन, म्हणजे श्रोत्यांसमोर चालीवर कविता म्हणण्याची प्रथा, लोकप्रिय करण्यात या कवींचा मोठा वाटा होता. अशा बैठकीत लेखकाला छपाईपूर्वीच जाणकार श्रोता लाभतो आणि पुढील बैठकीचे बंधन त्याला लिहिते ठेवते. म्हणून नव्या मंडळांनी कौतुकापेक्षा संहितेच्या, म्हणजे लिहिलेल्या मजकुराच्या, नेमक्या चिकित्सेला अधिक वेळ द्यावा.