पाठ : कुशल हातांचे दान

वाचन : निर्गम ३५:२५-३५

निवासमंडप एकट्या बसालेलाने उभारिला नाही. स्त्रियांनी स्वहस्ते सूत कातून आणिले, आणि अनेकांचे काम मिळून एक झाले.

हेच आम्हांस शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात दिसते. वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी वसविलेल्या आनंदवनात २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद निघाला. त्यात रोगमुक्त झालेले महारोगी, अंध व अपंग एकत्र गाऊ-वाजवू लागले. औषधाने रोग जातो. परंतु तुटलेले नाते औषधाने जुळत नाही. ज्यांच्यापासून लोक दूर पळत, त्यांचे गायन ऐकावयास लोक जवळ येऊन बसले.

मनन : नाचणगाव असो वा दुसरे खेडे, आपल्या भजनात अद्याप कोणाच्या हाती झांज दिलेली नाही?