पीटर पॅन आणि मुलांचा दवाखाना

पीटर पॅन हा गोष्टीतला मुलगा आहे. तो उडतो आणि कधीच मोठा होत नाही. जेम्स बॅरी यांनी ही गोष्ट आधी नाटक म्हणून लिहिली. पहिला प्रयोग २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनला झाला. पुस्तक १९११ साली आलं.

वेंडी आणि तिचे दोन भाऊ पीटरबरोबर उडत एका बेटावर जातात. तिथे हूक नावाचा दुष्ट कप्तान असतो. त्याचा हात मगरीने खाल्ला, म्हणून हाताच्या जागी लोखंडी आकडा. मगरीने घड्याळपण गिळलंय! ती जवळ आली की टिकटिक ऐकू येते. हूक पीटरच्या औषधात विष घालतो. ते टिंकरबेल परी पिऊन टाकते. मग पीटर नाटक बघणाऱ्यांनाच टाळ्या वाजवायला सांगतो आणि टाळ्यांनी परी वाचते. शेवटी वेंडीची आई पीटरला ठेवून घ्यायला तयार असते, तरी तो राहत नाही. ते मला पटलं नाही.

लंडनच्या बागेत १९१२ पासून पीटरचा पुतळा आहे. खेळातल्या छोट्या घराला इंग्लंडात अजून वेंडीचं घर म्हणतात. १९५३ साली डिस्नेचा सिनेमा निघाला.

पण मोठी गोष्ट पुढेच आहे. लंडनला ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचा दवाखाना आहे. तो १८५२ साली सुरू झाला. १९२९ साली बॅरींनी पीटर पॅनचे हक्क त्या दवाखान्याला देऊन टाकले. म्हणजे कोणी नाटक केलं, पुस्तक छापलं, की लेखकाचा वाटा दवाखान्याला. बाई म्हणाल्या, शेत दुसऱ्याने केलं तरी मालकाला खंड मिळतो ना, तसं.

माझी धाकटी बहीण तापाने आठ दिवस दवाखान्यात होती. तेव्हा औषधासाठी अप्पांनी शेळी विकली. म्हणून मला हे लगेच समजलं.

बॅरी १९३७ साली वारले. लेखक गेल्यावर पन्नास वर्षांनी हक्क संपतो, असा तेव्हा तिथला कायदा होता. १९८७ साली पन्नास वर्षं भरली. मग १९८८ साली तिथल्या पार्लमेंटने खास कायदा केला. ब्रिटनमध्ये पीटर पॅनचा पैसा दवाखान्याला कायम मिळणार.

किती पैसे मिळतात, असं आजीने विचारलं. ते दवाखाना कुणालाच सांगत नाही. आकडा गुप्त ठेवा, असं बॅरींनीच सांगून ठेवलं होतं.