ग्रामीण स्थानिक शासन शिकवताना : हिवरे बाजारचे सरपंच आणि पाण्याचा हिशोब



सहावीच्या नागरिकशास्त्रात 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' हा पाठ आहे. मुलं तो पाठ करतात. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, सरपंच हा प्रमुख असतो, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) दप्तर सांभाळतो, ही उत्तरं तोंडपाठ असतात. पण "सरपंचानं नेमकं केलं काय?" असं विचारा, वर्ग गप्प होतो. या पाठाला एक खरं गाव आणि एक खरा सरपंच जोडला तर तो खूप सोपा होतो. मी हिवरे बाजार घेते. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) शहरापासून जेमतेम १७ किलोमीटरवर, नगर तालुक्यातलं हे हजार-बाराशे वस्तीचं गाव.

मुलांना आधीचं गाव सांगा, नाहीतर नंतरच्या कामाची किंमत कळत नाही. पाऊस कमी, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर आणि कित्येकदा त्याहून खाली. १९७२ च्या दुष्काळानंतर लोक गाव सोडून मजुरीला जाऊ लागले. डोंगर उघडे पडले, दारूच्या भट्ट्या सुरू झाल्या. या गावात झालेली बदली ही सरकारी नोकराला शिक्षा वाटायची.

अशा गावात १९८९ साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. एम.कॉम. झालेले, जिल्ह्यात क्रिकेट खेळणारे तरुण. त्यांच्यापाशी ना मोठा निधी होता, ना मोठं पद. पण ग्रामसभा होती, आणि ती त्यांनी खरोखर भरवली. हा मुद्दा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पाठ्यपुस्तकातलं ग्रामसभेचं महत्त्व इथं डोळ्यांना दिसतं. पुढे आदर्श गाव योजनेत गाव आलं आणि पंचसूत्री ठरली : नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असंही ठरलं.

आता चराईबंदीवर जरा थांबा. ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्यानं काय करायचं? हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर तुम्ही विचारा. चांगल्या निर्णयाचाही भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. डोंगरावर गवत वाढलं, ते कापून नेता येऊ लागलं, शेळ्यांऐवजी दुभती जनावरं आली. पण पहिली काही वर्षं कुणाला तरी सोसावी लागली असणारच, हे मुलांपासून लपवू नये.

मला सगळ्यात आवडतो तो पाण्याचा ताळेबंद. गावात पाऊस मोजतात, निवडक विहिरींची पातळी मोजतात, आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी, मग शेती. ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं नाहीत.

हे गणिताच्या तासाला करून घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सोयीसाठी १००० हेक्टर धरा (प्रत्यक्षात थोडं कमी आहे). एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पाऊस ३०० मिलिमीटर झाला तर पडलेलं पाणी किती? ३०० कोटी लिटर! आता १२५० माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाचं पाणी काढा. सुमारे अडीच कोटी लिटर येतं. मुलं लगेच म्हणतील, "मग टंचाई कशी काय?" इथेच खरा पाठ सुरू होतो. बरंचसं वाहून जातं, बरंच वाफ होऊन जातं, उरलेलं पिकं पितात. एक हेक्टर ऊस वर्षभरात साधारण दोन कोटी लिटर पाणी घेतो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गावाच्या घरगुती वापराइतकं! हे उत्तर मुलांनी स्वतः काढलं की उसावरच्या बंदीचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

फळही सांगा, पण थोडक्यात. १९९५ साली दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, २०१० पर्यंत ती ३ वर आली. बाहेर गेलेली घरं परतली. पोपटरावांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. पुरस्कारांची यादी मात्र लिहून देऊ नका, मुलं तेवढीच लक्षात ठेवतात आणि बाकीचं विसरतात.

आणखी एक गोष्ट मोठ्या वर्गात चर्चेला घ्या. तीस वर्षं या गावात निवडणूक बिनविरोध होत होती. जानेवारी २०२१ मध्ये मात्र मतदान झालं. पोपटरावांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. मग बिनविरोध निवड ही गावाच्या एकीची खूण, की मत मांडायची संधी कमी झाल्याची? माझं मत सांगते : काम कितीही चांगलं असो, ते अधूनमधून मतपेटीसमोर यावं. तुमचं वेगळं असू शकतं, वर्गात दोन्ही बाजू येऊ द्या.

पालकांसाठी एक काम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी एखाद्या दिवशी आपल्या गावची ग्रामसभा असेल तर मुलाला सोबत न्या. मागं बसू द्या. कोण बोललं, किती बायका आल्या होत्या, कोणता ठराव झाला, एवढं त्यानं वहीत लिहून आणावं. शहरात राहत असाल तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकानं गेल्या वर्षी कोणतं काम केलं ते शेजारच्या तीन घरी विचारून यावं. तीन घरांची तीन उत्तरं आली तर तीनही लिहावीत.